बहात्तर हिश्शांचे घर

गावचे घर दुरुस्त करायचे म्हटले की सगळ्यात आधी गवंडी आठवतो. आम्हीही तेच केले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा म्हसळ्याकडचे आमचे घर त्याच्या वाटेतच होते. टाळेबंदीमुळे आम्ही दोघे भाऊ मुंबईत अडकलेले. दोन दिवस फोन लागला नाही. मग शेजारच्या चाचींनी कळवले, जांभ्याच्या भिंती उभ्या आहेत, पण पडवीवरचे एक कौल शिल्लक नाही, माजघरात पाणी आहे आणि आढ्याला तडा गेला आहे.

तो पावसाळा ताडपत्रीवर काढला. पुढे गवंड्याला बोलावले तर तो म्हणाला, स्लॅब टाका किंवा पत्रे, कौलांचा आता जमाना नाही. वादळानंतर आमच्या वाडीत निम्म्या घरांवर पत्रे चढले. पत्र्याखाली एप्रिल-मेची दुपार काढून पाहावी म्हणजे कौलांची किंमत कळते. असो. गवंड्याशी हुज्जत चालू असतानाच ग्रामपंचायतीत घरपट्टीचा उतारा काढला आणि कळले की घर अजूनही दादाजानच्या नावावर आहे. त्यांना जाऊन तेहतीस वर्षे झालेली. अब्बांनी आयुष्यभर घरपट्टी भरली, पण नाव बदलले नाही. आपल्या घराघरांत हेच आहे. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी, असा आपला पक्का समज असतो. पावतीने एवढेच ठरते की कर कोणी भरला.

गावातल्या एका जाणत्या आलिमसाहेबांपुढे हिशेब मांडला. दादाजानच्या आधी दादी गेल्या होत्या. मागे वारस दोनच, अब्बा आणि आमची फुफी. मुलाला दोन भाग, मुलीला एक. म्हणजे घराचा तिसरा हिस्सा फुफीचा. अब्बांच्या दोन तृतीयांशातून अम्मीचा आठवा भाग आधी काढायचा, उरलेले आम्हा दोन भावांत आणि दोन बहिणींत. सगळे सारख्या तुकड्यांत मांडले तर घराचे ७२ हिस्से झाले. फुफीचे २४, अम्मीचे ६, दोघी बहिणींचे प्रत्येकी ७ आणि आम्हा भावांचे प्रत्येकी १४. लहानपणापासून ज्याला आम्ही ‘आमचे घर’ म्हणत आलो, त्यातले आम्हा दोघांचे मिळून ७२ पैकी २८.

नातेवाईक म्हणाले, “फुफीने तेव्हाच माफ केलंय.” तेव्हाच म्हणजे दादाजानच्या चाळिसाव्याला, घरभर पाहुणे, समोर भाऊ बसलेला. अशा वेळी कोणती बहीण ‘मला माझा हिस्सा द्या’ म्हणेल? सूरह निसामध्ये वारशातला हिस्सा पुरुषांचाही आणि स्त्रियांचाही सांगितला आहे, मालमत्ता थोडी असो वा फार. घरादाराच्या वारशाला आपल्या देशात १९३७ चा शरीयत कायदा लागू आहे. आणि हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. पाहुण्यांच्या आठवणीवर ते चालत नाही.

खरे सांगायचे तर हे सगळे समजल्यावरही आम्ही फुफीकडे पनवेलला गेलो ते हक्कसोडपत्राचा मसुदा पिशवीत घालूनच. दुरुस्ती आम्ही करणार, खर्च आमचा, मग सही घेऊन मोकळे व्हावे, असा विचार. फुफीने चहा दिला, कागदाकडे पाहिले आणि म्हणाली, “सही करीन रे. पण आधी सांगा, माझं किती होतं?”

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला हे आजवर कोणी सांगितले नव्हते. आम्ही ७२ आणि २४ चा हिशेब सांगितला. तिने बोटांवर मोजले. “म्हणजे तीन खोल्यांतली एक. मग ती विहिरीकडची राहू दे माझी. सही नाही करत.” तिचे मुलगे ओशाळले. आम्ही कागद परत पिशवीत घातला.

त्यानंतर कामाचा क्रमच बदलला. आधी फुफीसह सहाही वारसांची नावे ग्रामपंचायतीत लावून घेतली. गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो. आता स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून घरांच्या मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. तेव्हा ज्यांच्या गावचे घर अजून आजोबा-पणजोबांच्या नावावर आहे, त्यांनी मोजणीवाले येण्याआधी वारसांची यादी तयार ठेवावी. एकदा एकट्या भावाचे नाव लागले की बहिणीला ते बदलून घ्यायला कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात.

खर्चाचे सोपे नव्हते. मोठ्या आपाने आपल्या ७ हिश्शांप्रमाणे पैसे भरले. धाकटी म्हणाली, “पैसे नाहीत, पण हिस्साही सोडणार नाही.” यावर घरात दोन आठवडे अबोला होता. शेवटी तिच्या वाट्याचा खर्च आम्ही केला आणि तिच्या नावे कर्ज म्हणून वहीत लिहिला. फुफीच्या खोलीचा खर्च तिच्या मुलांनी आपणहून दिला.

व्याजाचे कर्ज नको, ही अम्मीची अट. तसेही सहा मालकांच्या सह्या आणि गावठाणातले जुने घर पाहून बँकेने फारसा उत्साह दाखवला नसता. मामूंनी कर्ज-ए-हसना दिले. घरचाच माणूस म्हणून आम्ही कागद टाळत होतो, तर मामूंनीच सूरह बकरामधल्या कर्ज लिहून ठेवण्याच्या हुकमाची आठवण दिली आणि दोन साक्षीदारांसमोर मुदतीसह लिहून घेतले.

स्लॅब टाकला नाही. आढे आणि भिंतीत वाळवी लागलेले वासे बदलले, कौले पुन्हा चढवली. वारा कौल कडेकडून उचलतो, म्हणून कडेच्या दोन ओळी तारेने बांधून घेतल्या. गवंड्याला ते पटले नव्हते.

मे महिन्यात फुफी राहायला आली. विहिरीकडच्या खोलीत तिने स्वतःची पेटी ठेवली आणि संध्याकाळी आम्हाला बोलावून विचारले, या खिडकीला कडी का नाही लावली?