मरण आणि नाते : बेंद्रे यांच्या एका कवितेच्या निमित्ताने

प्रत्येकाचे मरण त्याचे त्यालाच मरावे लागते, ते दुसऱ्यावर सोपवता येत नाही, असे हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाने १९२७ साली मांडले. वर्गात हे चटकन पटते. मी राहतो त्या हुबळीच्या कमरीपेठेपासून वीसेक किलोमीटरवर, धारवाडात, द. रा. बेंद्रे (१८९६–१९८१) यांची कविता मात्र वेगळे सांगते. घरची भाषा मराठी, कविता कानडी. मराठीतही त्यांनी लिहिले, हे आपण विसरतो.

मूल गेल्यावर बाप बायकोशी बोलतो, अशी त्यांची एक प्रसिद्ध कविता आहे. तो मृत्यूचा अर्थ लावीत बसत नाही. तू माझ्याकडे अशी पाहू नकोस, एवढेच विनवतो. हायडेगर यामुळे खोटा ठरत नाही, पण अपुरा ठरतो, असे मला वाटते. मूल गेले की आईबापांचे आईपण-बापपणही मोडते, आणि ते मोडलेले दोघांना एकमेकांच्या चेहऱ्यावर बघावे लागते.

बेंद्र्यांचे काव्यनामही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. अंबिकातनयदत्त, म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. आईचे नाव आधी, स्वतःचे शेवटी.