खाण थांबली, रस्ता वाहतोच आहे

दगडखाण बंद पडली की क्रशर उतरवून नेतात, कामगारांची पालं उठतात, खड्ड्यात पाणी साठतं. मागे उरतो तो डंपरचा रस्ता. मृगाचा पहिला जोरदार पाऊस आला की त्याच्यावर काय चालतं ते छत्री घेऊन पाहावं. शेजारच्या गवतात पाणी मुरत असतं. रस्त्यावर मात्र ते दोन चाकोऱ्यांतून गढूळ होऊन धावत सुटतं, वळणावर कडेचा भराव फोडतं आणि खालच्या शेतात कच नेऊन ओततं.

वर्षानुवर्षं भरलेल्या डंपरांखाली मुरूम इतका दबलेला असतो की त्यात पाण्याला आणि हवेला जागाच राहत नाही. बी पडलं तरी मूळ आत शिरत नाही. म्हणूनच फाटकाला कुलूप लावून ‘होईल आपोआप हिरवं’ म्हणत बसणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवा पर्याय आहे. कडेने टाकळा, घाणेरी, गाजरगवत माजतं. चाकोरी वाहतच राहते.

रस्ता खरोखर काढला तर फरक पडतो का? याचा उत्तम हिशेब कॅलिफोर्नियातल्या रेडवुड राष्ट्रीय उद्यानात मिळतो. तिथले रस्ते लाकूडतोडीचे, पण दबलेली जमीन आणि उतारावरचं पाणी दोन्हीकडे सारखंच वागतं. 1978 मध्ये उद्यानाची हद्द वाढली आणि तोडलेल्या जंगलासोबत हे रस्तेही पदरात पडले. 1996 पर्यंत सुमारे 300 किलोमीटर रस्ते उखडले गेले, ओढ्यांवरचे भराव काढले गेले. 1997 च्या जानेवारीत मोठा वादळी पाऊस झाला. त्यानंतरच्या मोजणीत, काम झालेल्या रस्त्यांवरून सरासरीने न काढलेल्या रस्त्यांच्या फक्त एक चतुर्थांश गाळ गेल्याचं दिसलं.

आपल्या खाणीवरही आधी अख्खा रस्ता पायी फिरायला हवा, तोही पावसात. एकाच रस्त्याचे चार तुकडे चार वेगळे निर्णय मागतात. ओढा ओलांडणारा भराव आणि त्यातला गाळाने बुजलेला सिमेंटचा पाइप आधी काढावा. पैसे कमी असतील तर तेवढंच करावं. मुरमाचा तुकडा कोरड्या दिवसांत रिपरच्या लोखंडी दाताने दीड-दोन फूट खोल, समतल रेषेत फोडावा. ओल्या जमिनीत दात नुसता चिरत जातो, ढेकूळ फुटत नाही. कातळात कोरलेल्या भागात रिपरचा काहीच उपयोग नाही. तिथे काठावर लोटून ठेवलेली माती परत पसरावी लागते.

आणि ज्या तुकड्यावरून शेतकऱ्याची बैलगाडी, ट्रॅक्टर जातो, तो उखडू नये. वहिवाटीचा रस्ता अडवला की मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली प्रकरण तहसीलदारांपुढे जाऊ शकतं. असा रस्ता गाडीपुरता अरुंद करून आडवे चर काढले, तर पाणी तुकड्या-तुकड्याने बाजूला उतरतं.

खर्च कुणी करायचा, यावर सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2020 रोजी महत्त्वाचा आदेश दिला.  खाणपट्टा देताना अशी अट घालावी, की काम संपल्यावर पट्टाधारकाने खाणीवर आणि खाणकामामुळे बिघडलेल्या इतर जमिनीवरही पुन्हा गवत लावून ती चारा, झाडं, प्राणी यांना योग्य करून द्यावी. ‘इतर जमीन’ या शब्दांत डंपरचा रस्ताही बसतो, असं मानायला पूर्ण जागा आहे. तो पूर्ववत करून देण्याची मागणी ग्रामसभेने हक्काने करावी, आणि यंत्रं जागेवर असतानाच करावी.

कारण हे काम आतून बाहेर करायचं असतं. पोकलेन सर्वांत आधी खाणीच्या तोंडाशी जातं, मागे सरकत सरकत आपल्याच पुढचा रस्ता फोडत येतं. त्या ढेकळांवर मारवेल-पवन्याचं बी फेकतात, वर काटक्या अंथरतात. डांबरी सडकेला लागेपर्यंत मागे गाडी न्यायला वाट उरलेली नसते.