जाई की जुई? एका काना-उकाराचा वाद

मुलीला फुलाचं नाव ठेवायचं एवढं ठरलं की निम्मं काम झालं असं वाटतं. पण शेवटच्या यादीत जाई आणि जुई या दोघीच उरल्या, तर खरा घोळ तिथून सुरू होतो. एकीला काना, दुसरीला उकार, बाकी सगळं सारखं. आपण बोलतानासुद्धा 'जाईजुई' एका दमात म्हणतो.

सध्या आमच्या नगरच्या घरात हाच वाद चालू आहे. दादाला मुलगी झालीय. त्याला जाई हवंय, वहिनीला जुई. पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. त्यामुळे दोन्ही पक्ष मला फोन करतात! म्हटलं, बाजू घेण्याआधी जरा अभ्यास करावा.

आधी फुलं बघू. दोन्ही वेल मोगऱ्याच्याच कुळातले, दोन्हींची फुलं पांढरी, सुवासिक. जाईचं फूल मोठं, पाकळ्या सहसा पाच, आणि कळीला बाहेरून गुलाबी झाक असते. हिंदीत तिला चमेली म्हणतात. जुई बारीक, नाजूक, झुपक्यानं येणारी. हिंदीतली जूही ती हीच. ओळखायची सोपी खूण पानात आहे. जाईचं पान पिसासारखं, एका देठावर बरीच छोटी पानं. जुईचं एक मोठं पान आणि बुडाशी दोन चिमुकली पानं, कानासारखी. शास्त्रीय नावांतही तेच आहे: जाई म्हणजे जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम, मोठ्या फुलांची; जुई म्हणजे जॅस्मिनम ऑरिक्युलेटम, कानवाली. (कानात सांगायला कानवालं नाव, हा मुद्दा वहिनीच्या खात्यात.)

शब्दांचं मूळही वेगळं. संस्कृतातल्या 'जाती'ची जाई झाली. आयुर्वेदात जखमेवर लावायचं जात्यादि तेल असतं ना, त्याच्या नावातली जाती ती हीच. जुई आली 'यूथिका'वरून, आणि यूथ म्हणजे समूह. फुलांचे झुपके बघितले की ते नाव लगेच पटतं. एक औषधी, एक घोळक्यात रमणारी. दोन्ही अर्थ गोड. राशीचं अक्षर पाहणाऱ्यांसाठी सांगते, 'ज' मकर राशीला येतो, म्हणजे तिथेही बरोबरी.

मग निकाल लावायचा कशावर? माझ्या मते, नाव रोज जिथे वापरलं जाणार तिथे. हाक मारायला दोन्ही छान आहेत. जाईला एक खोडी आहे: 'तो रोज शाळेत जाई' हे वाक्य व्याकरणाच्या तासाला आलं की वर्ग हसणार. पण ते चालतं, चिडवायला पोरांना काहीही पुरतं. आजीच्या पिढीला जाई म्हटलं की जाई काजळ आठवतं. जुई म्हटलं की जुई गडकरी, आणि 'ठरलं तर मग' मालिकेत तिच्या पात्राचं नाव काय, तर सायली. तेही फूलच!

खरी अडचण इंग्रजी स्पेलिंगची आहे. जाई इंग्रजीत लिहा: जे-ए-आय. आता ते वाचा. जय! पुण्याबाहेर, मुंबईबाहेर, कुठल्याही हजेरीत, तिकिटावर, कॉल सेंटरच्या फोनवर ही मुलगी 'मिस्टर जय' होणार. ते टाळायला कुणी एक 'ए' वाढवतं, कुणी शेवटी दोन 'ई' लावतं, आणि मग शाळेत एक, आधारवर दुसरं असं सुरू होतं. जे-यू-आय मात्र बहुतेक लोक जुई असंच वाचतील.

हे मी क्षुल्लक मानत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, ड्रायव्हिंग लायसन्स अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. म्हणजे तिथे पडलेलं अक्षर पुढे सगळीकडे जाणार. शिवाय महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. आईचं नाव 'इ' किंवा 'ई'नं सुरू होत असेल तर जाई काय, जुई काय, दोन्ही अडखळतात. मोठ्यानं म्हणून बघाच. आमच्याकडे तर आणखी गंमत आहे: 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, त्यामुळे दादाच्या दाखल्यावर अहमदनगर, लेकीच्या दाखल्यावर अहिल्यानगर, आणि घरात सगळे म्हणतात नगर.

म्हणून माझं मत जुईला. दादा, जाईच हवी असेल तरी मी तितक्याच आनंदानं कानात सांगेन, पण स्पेलिंग तू आज ठरव आणि कागदावर लिहून खिशात ठेव.

आणि घाई नको. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पण त्या नोंदीत बाळाचं नाव नंतरही घालता येतं: बारा महिन्यांपर्यंत फुकट, त्यानंतर विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. फक्त एकदा नाव चढलं की बदलणं हे वेगळं आणि किचकट प्रकरण आहे. तोवर एकच करा, फॅमिली ग्रुपवर पोल टाकू नका. आम्ही टाकला होता. जाई आणि जुईला सारखी मतं पडली आणि काकांनी तिसरं नाव सुचवलं, शेवंता.