दाढ डेट्रॉइटला, डॉक्टर शिक्रापूरला

होस्टेलवर दात दुखायला लागला की आपली ट्रीटमेंट ठरलेली असते. पहिल्या दिवशी मेसच्या काकांकडून लवंग, दुसऱ्या दिवशी रूममेटच्या ड्रॉवरमधली पेनकिलर आणि तिसऱ्या दिवशी रात्री दोन वाजता "आई गं!" डेंटिस्टकडे जायचं ते सबमिशन संपल्यावर. इथे ते चालून जातं, कारण गेटबाहेर रिक्षा मिळते आणि डॉक्टरही परवडतो. पण आपल्यातले बरेच जण एक-दोन वर्षांत एमएससाठी नाहीतर ऑनसाइटसाठी बाहेर जाणार आहेत. अमेरिकेत दातांचा इन्शुरन्स बहुतेक वेळा वेगळा घ्यावा लागतो आणि त्यालाही वर्षाची मर्यादा असते. म्हणून तिकडे राहणारी आपली माणसं दात घेऊन सुट्टीत भारतात येतात. ही ये-जा सोपी कोणी केली असेल, तर डिजिटल एक्स-रेने. माझा ब्रँच ई अँड टीसी असल्यामुळे मला त्यात जरा जास्तच रस वाटला.

थोडा इतिहास. राँटजेनने क्ष-किरण शोधले ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. पुढच्याच जानेवारीत जर्मनीतल्या ऑटो वॉल्कहॉफ या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा फोटो काढला. त्यासाठी त्याला २५ मिनिटं एक्स्पोजर द्यावं लागलं! आपल्याला पासपोर्ट फोटोसाठी दोन सेकंद मान सरळ ठेवता येत नाही. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं फिल्मचंच राज्य होतं. तोंडात छोटी फिल्म ठेवायची, मग अंधाऱ्या खोलीत डेव्हलपर, पाणी, फिक्सर, पुन्हा पाणी, आणि क्लिपला लटकवून वाळवायची. फ्रान्सच्या फ्रान्सिस मूयाँ यांनी फिल्मच्या जागी सेन्सर आणला आणि ट्रोफी या कंपनीने १९८७ मध्ये तो ‘रेडिओव्हिजिओग्राफी’ नावाने बाजारात आणला. आज आपल्याकडचे डॉक्टर कुठल्याही कंपनीच्या डिजिटल एक्स-रेला ‘आरव्हीजी’ म्हणतात ते त्यावरूनच. झेरॉक्ससारखंच झालं हे!

आत काय असतं? सेन्सरच्या वरच्या थरात सिझियम आयोडाइडसारखा पदार्थ असतो. क्ष-किरण पडले की तो चमकतो. खाली आपल्या मोबाइल कॅमेऱ्यात असते तशीच सीमॉस चिप असते, ती हा उजेड मोजते. जिथे दात दाट तिथे किरण कमी पोचतात, म्हणून ती जागा पांढरी दिसते. जिथे हाड विरघळलंय तिथे जास्त पोचतात, म्हणून काळी. (आधीच्या सेन्सरमध्ये सीसीडी असायची. ती बेल लॅबमध्ये १९६९ साली बॉइल आणि स्मिथ यांनी शोधली आणि २००९ मध्ये नोबेल मिळवलं. म्हणजे फायनल इयर प्रोजेक्टला चाळीस वर्षांनी मार्क मिळाले तरी निराश होऊ नये.) चित्र काही सेकंदांत स्क्रीनवर येतं. प्रत्येक पिक्सेलला १२ बिट धरले तर काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या ४०९६ छटा होतात. आपल्या डोळ्याला एका वेळी एवढ्या दिसतच नाहीत. म्हणून डॉक्टर माउस फिरवून कधी हाडाच्या छटा ताणून बघतात, कधी दाताच्या. फिल्मवर हे करता येत नव्हतं. फिल्म काळी आली की काळीच.

रेडिएशनबद्दल लोक खूप घाबरतात. एका दाताच्या डिजिटल एक्स-रेचा डोस साधारण एक ते दहा मायक्रोसिव्हर्टच्या दरम्यान असतो. जमीन, हवा आणि आकाशातून आपल्याला जगभरच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच, म्हणजे रोजचे साडेसहा मायक्रोसिव्हर्ट. मुंबईहून अमेरिकेला विमानाने गेलात तर त्या एका प्रवासात दाताच्या एक्स-रेपेक्षा कितीतरी जास्त. मात्र ‘डिजिटल म्हणजे ९० टक्के कमी रेडिएशन’ अशा जाहिराती असतात, त्यांत अर्धसत्य आहे. जुन्या संथ फिल्मशी तुलना केली तर डोस निम्म्याहूनही कमी होतो, पण नंतरच्या वेगवान फिल्मशी केली तर फरक तेवढा नाही. शिवाय फोटो लगेच दिसतो म्हणून ‘अजून एक घेऊ’ असा मोह होतो तो वेगळाच.

आता दाढेकडे येते. माझं आजोळ वढू बुद्रुक. पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमापासून आत वळलं की छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचं हे गाव लागतं. मामा आधी रांजणगावच्या एमआयडीसीत होता, आता बरीच वर्षं डेट्रॉइटजवळ एका ऑटो कंपनीत आहे. फाल्गुन अमावास्येला समाधीवर मोठी गर्दी असते, त्या सुमारास यायला मिळावं म्हणून तो वर्षभर सुट्ट्या साठवतो. तीन आठवडे मिळतात.

त्याच्या वरच्या डाव्या दाढेची रूट कॅनाल मी लहान असताना पुण्यात झाली होती. दोन वर्षांपूर्वी तिथे चावताना ठणका सुरू झाला. तिकडच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मुळाच्या टोकाला काळी सावली होती. ही सावली जुनी आणि भरत आलेली आहे, की नवी आणि वाढणारी? उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून होतं. पूर्वीचा एक्स-रे. तो होता! आजीने लोखंडी कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलेला. पण बाहेर काढला तर तपकिरी झालेला. फिल्म फिक्सरमध्ये पुरेशी ठेवली नाही किंवा नीट धुतली नाही, तर उरलेली रसायनं वर्षानुवर्षं आतल्या आत काम करत राहतात आणि चित्र खाऊन टाकतात. आजी किती वेळ ती फिल्म खिडकीकडे धरून बघत होती. मामाच्या तरुणपणाची दाढ, त्यात काहीच दिसत नव्हतं.

तिकडचा सल्ला होता, दाढ काढा आणि इम्प्लांट बसवा. एस्टिमेट ऐकून मामी गप्पच झाली. मामाने मला फोटो पाठवला आणि मी तो शिक्रापूरच्या आमच्या डॉक्टर मॅडमना दाखवायला घेऊन गेले. म्हणजे झालं होतं असं की मामाने तिकडच्या मॉनिटरचा मोबाइलने फोटो काढला होता, तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला होता, आणि तो आता माझ्या फोनवर. मॅडम म्हणाल्या, "अगं, हे म्हणजे तुझ्या मार्कशीटच्या झेरॉक्सची झेरॉक्स. ओरिजिनल फाइल मागव."

का ते सांगते. व्हॉट्सअ‍ॅप साधा फोटो पाठवताना तो लहान करतं आणि बारीक तपशील टाकून देतं. त्यात मॉनिटरच्या काचेवरची ट्यूबलाइटही आली होती. ओरिजिनल फाइल असते डायकॉम या प्रकारची. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्ट आणि यंत्र बनवणाऱ्यांच्या संघटनांनी एक समान नियमावली काढली, तिचंच १९९३ मध्ये डायकॉम झालं. एका कंपनीच्या मशीनवरचं चित्र दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावं हा हेतू. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोटोकॉल. त्या फाइलमध्ये चित्राबरोबर पेशंटचं नाव, तारीख, मशीनचं सेटिंग आणि एक पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर हेही असू शकतं. म्हणून त्यावर मुळाची लांबी मोजता येते. फोटोच्या फोटोवर काय मोजणार?

मामाने क्लिनिकमधून फाइल मागितली. एक नव्हे, दोन निघाल्या. सहा महिन्यांपूर्वी रुटीन तपासणीत काढलेला एक्स-रे त्यांच्या सर्व्हरवर पडून होता! दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्यावर मलासुद्धा दिसलं, सावली वाढली होती. आजीच्या कपाटाने जे सांगितलं नाही ते सर्व्हरने सांगितलं.

रिपोर्टमध्ये दाताचा नंबर होता १४. आपल्याकडे दोन आकडी पद्धत चालते, पहिला आकडा जबड्याचा भाग आणि दुसरा मधोमधपासून कितवा दात. त्यात १४ म्हणजे वरची उजवी पहिली उपदाढ. अमेरिकेत मात्र वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून १ ते ३२ असे सरळ मोजत जातात. त्यांची १४ म्हणजे आपली २६, वरची डावी दाढ. बाजू बदलली, दातही बदलला! मॅडमना चित्रात तीन मुळं दिसत होती म्हणून शंकेला जागा नव्हती. पण नुसता नंबर फोनवर सांगून ‘१४ काढायचाय’ असं कोणी म्हटलं तर काय होईल, विचार करा. तारखेचंही तसंच. तिकडचं ०३/०४ म्हणजे चार मार्च, आपलं तीन एप्रिल.

मॅडमनी मग तिरक्या कोनातून आणखी एक एक्स-रे मागवला. फर्स्ट इयरला ईजीत आपण रडतो ना, नुसत्या फ्रंट व्ह्यूवरून वस्तू कळत नाही म्हणून? तेच आहे हे. एक्स-रे म्हणजे त्रिमितीची सपाट सावली, मागेपुढे असलेल्या दोन गोष्टी एकावर एक पडतात. कोन बदलला की त्या सुट्या होतात. वरच्या दाढेच्या गालाकडच्या पुढच्या मुळात बऱ्याचदा एकाऐवजी दोन कॅनाल असतात आणि दुसरा इतका बारीक की सापडत नाही. तिरक्या एक्स-रेत दिसलं की भरलेली पांढरी रेघ मुळाच्या मधून न जाता एका कडेने जातेय. रेघ मध्यावर नसेल तर दुसऱ्या बाजूला काहीतरी राहिलेलं असण्याची शक्यता. खात्रीसाठी त्या भागाचा छोटा सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय स्कॅन काढला. एक कॅनाल खरंच राहिला होता.

म्हणजे दाढ वाचण्यासारखी होती. मॅडमनी स्वतः हात घातला नाही, पुण्यातल्या रूट कॅनाल स्पेशालिस्टची गाठ घालून दिली. त्यांनी मामा विमानात बसायच्या आधीच फाइली पाहून वेळा दिल्या. पहिल्या आठवड्यात जुनं भरण काढून राहिलेला कॅनाल साफ, आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड (आजी पानाला लावते तो चुना, केमिस्ट्री तीच), दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी भरण, तिसऱ्यात कॅप. नाहीतर त्यातला पहिला आठवडा एक्स-रे आणि ‘बघू, परवा या’ यातच गेला असता. आता फॉलो-अपचे एक्स-रे डेट्रॉइटला निघतात आणि पुण्यात वाचले जातात. एक वर्षाच्या एक्स-रेत सावली लहान झाली आहे. पूर्ण भरायला अजून वेळ लागेल, हाड सावकाश भरतं.

इम्प्लांटचं गणित वेगळं असतं. धातूचा स्क्रू हाडात पक्का व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. त्यामुळे बहुतेक वेळा दोन फेऱ्या धरूनच तिकीट काढावं लागतं. हाडाची जाडी आधी स्कॅनवर पाहिली, तर निदान ‘हाडच पुरेसं नाही’ हे इथे येऊन कळत नाही. बसवलेल्या इम्प्लांटच्या कंपनीचं आणि मापाचं कार्डही जपून ठेवायला हवं. नाहीतर उद्या परदेशात त्याचा स्क्रू सैल झाला तर तिकडचा डॉक्टर चित्रावरून कंपनी ओळखत बसतो.

या सगळ्यात एक्स-रेला काय दिसत नाही हेही माहीत हवं. कीड बरीच खोल गेल्याशिवाय, म्हणजे तिथले क्षार बऱ्यापैकी विरघळल्याशिवाय काळं दिसत नाही. बारीक तडा बहुधा दिसत नाही. आतली नस जिवंत आहे का हे गार वस्तू लावून बघतात, दात टिचकी मारून बघतात. ते फाइलमधून होत नाही. आजीने हे सगळं एका वाक्यात निकालात काढलं होतं, "फोटूत दाढ दिसती, दुखणं नाय दिसत." चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड उघडत नाही, गिळताना त्रास, असं असेल तर फाइल पाठवत बसायचं नाही. जिथे आहात तिथेच लगेच दवाखाना गाठायचा, बिल कितीही येवो.

कायद्याचीही एक बाजू आहे. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती ॲलोपॅथीच्या नोंदणीकृत डॉक्टरांसाठी होती आणि भारताच्या हद्दीबाहेर सल्ला देणं त्यातून वगळलेलं आहे. म्हणून चांगले डॉक्टर लांबच्या पेशंटला ‘प्लॅन असा असू शकेल, नक्की तपासल्यावर’ एवढंच सांगतात. चित्र पाहून फोनवरच पक्का खर्च आणि पक्की गॅरंटी देणारा कोणी भेटला, तर मी त्याच्याकडे जाणार नाही.

तर, येत्या ऑगस्टमध्ये जाणाऱ्या सीनिअर्सनी (आणि ज्यांना जीआरई द्यायचीय त्यांनीही) व्हिसाच्या धावपळीत एक दिवस काढून दात दाखवून यावे. जाण्याच्या आदल्या आठवड्यात नको, महिना-दीड महिना आधी, म्हणजे काही निघालं तर करायला वेळ राहतो. अर्धवट काम घेऊन विमानात बसू नका. उंचावर केबिनमधला दाब कमी होतो, बॉइलच्या नियमाने दातात अडकलेली हवा फुगते आणि काही जणांचा दात विमानातच ठणकायला लागतो. डॉक्टरांकडून डायकॉम फाइल मागून घ्या. ती नसेल तर पूर्ण आकाराची इमेज, प्रिंट नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. एक कॉपी मेलमध्ये, एक घरी. फाइलच्या नावात दाताचं वर्णन शब्दांत लिहा, ‘वरची डावी पहिली दाढ’ असं, आणि महिनाही आकड्यात न लिहिता अक्षरात. ‘टूथ फायनल न्यू टू’ हे नाव आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टलाच शोभतं.