भिंतीवरचा कागद आणि भिंतींतील ओल

भिंतीस चित्रित कागद लावण्याची हौस युरोपांत जुनी आहे. इंग्लंडांत इ. स. १७१२ पासून १८३६ पर्यंत या कागदावर सरकारी करही होता. आपल्याकडे आतां तो पुष्कळांच्या बैठकींत दिसतो. पण कागद भिंतीचे दोष झांकतो, बरे करीत नाहीं. यास्तव कात्री हातीं घेण्यापूर्वीं भिंतीची परीक्षा करावी.

मुंबईस व कोंकणांत नैर्ऋत्येच्या पावसाचा मारा खाणारी भिंत दिवाळींत कोरडी ठणठणीत दिसते. तिची खरी कसोटी आषाढांत लागते. म्हणून पावसाळ्यांतच हातभर प्लास्टिकचा तुकडा घेऊन त्याच्या चारी कडा चिकटपट्टीनें भिंतीवर बंद कराव्या. दोन दिवसांनीं भिंतीकडील अंगास दंव जमलें तर ओल भिंतींतून येते असें समजावें. मग गवंड्यास बोलवावें. कागदाचा बेत तूर्त राहूं द्यावा.

ही खबरदारी अनाठायीं नाहीं. शेले या स्वीडनमधील रसायनज्ञानें १७७५ सालीं तांबें व सोमल यांपासून एक मोहक हिरवा रंग सिद्ध केला. पुढें भिंतींच्या कागदांतही तो वापरूं लागले. त्याची धूळ विषारी होतीच. शिवाय दमट खोल्यांतून लसणासारखा दर्प येई. कांहीं बुरशी सोमलापासून वायु उत्पन्न करते, हें गोझिओ या इटालियन शास्त्रज्ञानें १८९० नंतरच्या दशकांत दाखविलें. त्या वायूनें कितपत अपाय झाला याविषयीं मतभेद आहेत. सोमलाचे ते कागद गेले, तरी ओल लागलेली खळ हें बुरशीचें अन्न आजही तेंच आहे. त्यांत व्हिनाइलचा थर दिलेल्या कागदांतून ओल सहसा बाहेर पडत नाहीं, आणि बुरशी पाठीमागें महिनेन् महिने नकळत वाढते. दम्याचें मूल त्याच भिंतीशीं निजत असेल, तर वेलबुट्टीची शोभा फार महाग पडते.

भिंत निर्दोष ठरली कीं काम अवघड नाहीं. जुन्या चुन्याचे पोपडे खरवडून काढावे, नाहींतर कागद चुन्यासकट सुटून येतो. गुंडाळी बहुधा ५३ सेंटिमीटर पन्ह्याची व १० मीटर लांबीची असते. तीन मीटर उंच व चार मीटर रुंद भिंतीस आठ पट्ट्या लागतात. एका गुंडाळींत तीन निघतात, म्हणून तीन गुंडाळ्या घ्याव्या. पहिली पट्टी ओळंब्यानें रेषा आंखूनच लावावी. कोपऱ्याच्या भरंवशावर राहूं नये; घराचे कोपरे क्वचितच सरळ असतात, आणि पहिली पट्टी कलली कीं सारी भिंत कलते. साध्या कागदास खळ लावल्यावर तो घडी घालून कांहीं मिनिटें मुरूं द्यावा. तो भिजून रुंदावतो. घाई केल्यास तें रुंदावणें भिंतीवर घडून फुगे येतात. मग वरून खालीं व मधून कडांकडे कुंचला फिरवावा.

उरलेला तुकडा छपाईच्या क्रमांकासह जपून ठेवावा. पुढें ठिगळ लावण्याची पाळी आली म्हणजे बाजारांत तोच रंग मिळेलच असें नाहीं.