ज्ञानपीठाचे पाणी कुणाच्या ओंजळीत?

भालचंद्र नेमाडे यांना २०१४ सालचे ज्ञानपीठ मिळाले. 'कोसला'पासून 'हिंदू'पर्यंतच्या समग्र लेखनाचा तो गौरव होता. त्याबद्दल आमच्या मनात आकस नाही. परंतु खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा आणि नेमाडे या मराठीच्या चार मानकऱ्यांत एकही दलित साहित्यिक नाही, त्याचे काय?

'कोसला' आली १९६३ साली. त्याच साली बाबुराव बागूलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. बागूल २००८ मध्ये गेले. बाबासाहेबांच्या लेखणीला 'फकिरा' अर्पण करणारे अण्णाभाऊ १९६९ मध्येच गेले होते. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'सनातन'ला २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. पण तो एका कादंबरीचा सन्मान होता, उभ्या आयुष्याच्या लेखनाचा नव्हे.

शहापूरच्या माणसाला हा न्याय नवा नाही. भातसा, तानसाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवरच्या आयाबहिणी हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. साहित्यातही जगणे आमचे, मान दुसऱ्यांचा!

म्हणून दिल्लीकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. बांधवांनो, शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक बुद्धविहारात पुस्तकांचे एक कपाट उभे करा. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा खर्च कापा आणि बागूल, अण्णाभाऊ विकत घ्या. कातकरी-ठाकर वाडीतल्या पोरांनाही तिथे बोलवा. ज्या लेखकाला त्याचा समाज वाचतो, त्याला डावलणे कोणत्याही पीठाला फार काळ जमणार नाही.