धान्याशिवायही भरलेला दस्तरखान: जगभरातले पदार्थ घरच्या घरी

इफ्तारला दस्तरखानावर समोसे, हलीम, नान असं सगळं मांडलेलं असतं आणि घरातलं एखादं माणूस खजूर आणि फळांवरच थांबतं. कुणाला गहू चालत नाही, कुणाला शुगरमुळे डॉक्टरांनी रोटी-भात कमी करायला सांगितलेलं असतं. मग अम्मी त्यांच्यासाठी वेगळी ताटली करते. पण एकाच ताटात हात घालून खाणाऱ्या आपल्या घरांत रोज "तुमचं वेगळं ठेवलंय" ऐकणं जड जातं. त्यापेक्षा सगळ्यांनाच चालेल आणि आवडेल असं काही केलं तर?

आधी कारण समजून घ्या

सीलिएक आजारात गहू, जव आणि राय यांतलं ग्लुटेन बाधतं. अशा माणसाला तांदूळ, ज्वारी, बाजरी, मका सोडायची गरज नसते. मात्र ज्वारी गव्हाच्याच गिरणीत दळली तर गव्हाचं पीठ त्यात मिसळतं, म्हणून दळण वेगळं हवं. आणि नुसत्या संशयावरून गहू बंद करू नका. गहू पोटात जात नसेल तर रक्ततपासणीत आजार दिसायचा राहू शकतो. आधी तपासणी, मग पथ्य.

शुगरवाल्यांसाठी दुसरी गोष्ट. धान्य नाही म्हणजे साखर वाढणार नाही, असं नसतं. बटाटा आणि साबुदाण्यानेही शुगर चढते. उलट इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असताना धान्य एकदम कमी केलं तर शुगर खाली जाऊ शकते. रोजे धरणाऱ्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच करावं.

धान्य त्या पदार्थात काय काम करतं?

बदल करताना हा एकच प्रश्न विचारायचा. धान्य कुठे रस शोषतं, कुठे खिमा बांधून ठेवतं, कुठे दाटपणा आणतं. ते काम दुसऱ्या कुणाकडून करून घेता आलं की पदार्थ जमला.

रस शोषायला, फ्लॉवर: लेबनॉनच्या तब्बूलेमध्ये पार्सली, पुदिना, टोमॅटो, कांदा, लिंबू, ऑलिव्ह तेल आणि थोडा बुलगुर, म्हणजे उकडून वाळवलेल्या गव्हाचा रवा असतो. बुलगुरच्या जागी फ्लॉवर किसून घ्या. कढईत झाकण न ठेवता तीन-चार मिनिटं कोरडाच परता आणि पूर्ण थंड करा. मीठ अगदी शेवटी घाला, नाहीतर पाणी सुटतं. पार्सली मिळाली नाही तर कोथिंबीर घ्या. चव बदलेल, पण छान लागेल.

खिमा बांधायला, बटाटा: किब्बेमध्ये बुलगुर मटणाला धरून ठेवतो. इराकी घरांत मात्र उकडलेल्या बटाट्याच्या पारीत खिमा भरून चाप तळतात. आपल्या खिमा पॅटिसचंच भावंड! बटाटा उकडून थंड झाल्यावरच कुस्करा, गरम असताना तो चिकट होतो. वरून ब्रेडचा चुरा नको. चाप अंड्यात बुडवून मिक्सरमध्ये दळलेल्या कोरड्या साबुदाण्यात घोळवा. कवच कुरकुरीत होतं.

भाकरीच्या जागी, बेसन: फ्रान्सच्या नीस शहरात सोक्का आणि इटलीच्या जिनोआत फारिनाता हे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या चण्याच्या पिठाचेच होतात. एक वाटी बेसन, सव्वा वाटी पाणी, दोन चमचे तेल आणि मीठ कालवून दोन तास ठेवा, म्हणजे बेसनाचा कच्चा वास जातो. मग तापलेल्या तव्यावर जाडसर घालून झाकण ठेवा. वर मिरपूड भुरभुरा. कबाबसोबत उत्तम लागतं. आपल्या बेसनाच्या धिरड्याची आठवण येईलच.

नूडल्ससाठी, रताळं: कोरियातल्या जापचेच्या पारदर्शक नूडल्स रताळ्याच्या स्टार्चच्या असतात, म्हणजे मुळातच बिनधान्याच्या. अडचण सॉसची. साध्या सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो. लेबल वाचून गहू नसलेला घ्या. काही कृतींत मिरिन हा दारूचा प्रकार सांगतात. तो सरळ वगळा आणि चिमूटभर साखर टाका.

दाटपणासाठी, डाळी: हलीममध्ये गहू दाटपणा आणि चिकटपणा आणतो. तिथे चणा, मसूर, मूग आणि मूठभर उडीद डाळ मटणासोबत अगदी मऊ शिजवून घोटा. चिकटपणाचं काम उडीद करते. अस्सल हलीमची तार येणार नाही, हे खरं. पण वरून तळलेला कांदा, आलं, पुदिना आणि लिंबू पडलं की वाटी रिकामीच परत येते.

लपलेलं धान्य ओळखा

बाजारातल्या खड्या-पावडर हिंगात बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो. कॉर्नफ्लोअर म्हणजे मकाच. बेकिंग पावडरमध्येही अनेकदा मक्याचा स्टार्च असतो. हॉटेलच्या फलाफलमध्ये कधी मैदा घालतात. घरी भिजवलेले कच्चे काबुली चणे वाटून केलं तर त्याची गरज पडत नाही. सीलिएकवाल्यांसाठी समोसे तळलेलं तेल पुन्हा वापरू नका. पॅकबंद वस्तू घेताना जिलेटिनही पाहा, ते हलाल आहे की नाही याची खात्री करा.

सामान शोधायला लांब जायला नको. शिंगाड्याचं पीठ, राजगिरा, साबुदाणा, मखाणे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात उपवासाच्या सामानात मिळतात.

आणि ईदचा शीरखुर्मा?

सगळ्यात जास्त हळहळ याचीच वाटते. पण नावाकडे बघा: फारसीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. नावात शेवयांचा उल्लेखच नाही! एक लिटर दूध आटवा. तुपात परतलेले मखाणे अर्धे भरडून आणि अर्धे अख्खे टाका. मग खारीक, बदाम, पिस्ते, चारोळी घाला. भरडलेल्या मखाण्यांनी दूध दाट होतं. खारीक गोड असते, म्हणून साखर चाखूनच घाला.

येत्या ईदला एकच पातेलं असा शीरखुर्मा करून पाहा. आणि तो कुणा एकासाठी बाजूला न ठेवता दस्तरखानाच्या मधोमध ठेवा.